किती पळालीये गाडी?

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी म्हणजे थर्ड लँग्वेज, परीक्षेपुरती. त्यामुळे मॅगेझिनच्या मराठी विभागाला एक लेख हवाय, असं रूममेटने सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासले आहेत. बाकीच्या चुका माझ्या. सांभाळून घ्या.

तर झालं असं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी साताऱ्याला गेले, तर घरात एकच विषय चालू होता. गाडी घ्यायची. नवी नाही, जुनी. बाबांना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आहेत. आजीचे गुडघे गेलेत आणि तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे दर वेळी रिक्षा शोधत फिरावं लागतं. म्हणून बाबांनी साठवलेल्या पैशातून अडीच लाख बाजूला काढले होते. त्यातच गाडी, त्यातच इन्शुरन्स, त्यातच नावावर करून घ्यायचा खर्च. हे पैसे चुकीच्या गाडीत गेले तर दुसरी गाडी नाही, इतकं सरळ गणित होतं.

गाडी घ्यायची ठरली की सल्ले फुकट मिळतात. शेजारचे काका म्हणाले, पन्नास हजार किलोमीटरच्या वर पळालेली असेल तर हातसुद्धा लावू नका. मामाचं म्हणणं, पेट्रोलला सत्तर-ऐंशी हजार चालतं, डिझेल असेल तर लाखसुद्धा चालतं. आत्याच्या मिस्टरांनी फॉर्म्युलाच दिला: वर्षाला दहा-बारा हजार धरायचे आणि गाडीच्या वयाने गुणायचं, त्यापेक्षा जास्त आकडा असेल तर नको. आणि मग सगळे माझ्याकडे वळले. घरात मेकॅनिकलची थर्ड इयर इंजिनिअर असताना बाहेर कशाला विचारायचं?

मित्रांनो, मला ऑटो सायकलचा पी-व्ही डायग्राम झोपेत काढता येतो. एफिशियन्सीचं डेरिव्हेशन पाठ आहे. पण जुनी गाडी किती पळालेली चालते, ह्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ते डिपेंड्स आहे, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यावर आजीने विचारलं की मग आपण दरवर्षी एवढी फी भरतो ती कशाची? सगळे हसले. मीही हसले, पण ते लागलं.

एक गंमत सांगते. आपण मायलेज म्हटलं की एका लिटरला किती देते, तेच विचारतो. इंग्रजीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गाडी एकूण किती मैल पळाली असाही होतो. आपल्याकडच्या बाजारात ह्या दुसऱ्याला रनिंग म्हणतात. पहिलं खिशाला कळतं. दुसऱ्यासाठी मीटरवर विश्वास ठेवावा लागतो, आणि घोटाळा तिथेच असतो.

पुण्याला एका जुन्या गाड्यांच्या यार्डात आम्ही गेलो. बरोबर आमच्या गल्लीतले गॅरेजवाले चाचा होते. एक पांढरी हॅचबॅक बाबांना बघताक्षणी आवडली. मीटरवर अडतीस हजार. पॉलिश इतकं चकचकीत की त्यात तोंड दिसावं. काकांच्या पन्नास हजारात बसते, मामाच्या सत्तरात बसते, फॉर्म्युल्यातही बसते. बाबांनी टोकन द्यायला पाकीट काढलंसुद्धा. चाचांनी मात्र मीटरकडे बघितलंच नाही. त्यांनी दार उघडून आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. ते घासून गुळगुळीत झालं होतं. मग ड्रायव्हरची सीट दाबून बघितली, स्टीअरिंगवरून हात फिरवला, चारही टायरवरचे तारखेचे आकडे वाचले. शेवटी बॉनेट उघडून आत कुठेतरी बोट दाखवलं. अर्धवट फाटलेलं एक स्टिकर होतं, ऑइल बदलल्यावर लावतात तसलं. पुढची सर्व्हिस ऐंशी हजारला, असं त्यावर पेनाने लिहिलेलं होतं! मीटरवर अडतीस आणि स्टिकरवर ऐंशी. यार्डवाल्याने विषय बदलला, चहा मागवला. आम्ही चहा न घेता निघालो. येताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

सुट्टी संपवून हॉस्टेलला परत आले तरी ते स्टिकर डोक्यातून जाईना. त्यातच मशीन डिझाइनच्या सेमिनारला मला बेअरिंग्जची झीज हा टॉपिक मिळाला. लायब्ररीत शोधता शोधता एका जुन्या पुस्तकात हेन्री रॉईस भेटले. रोल्स-रॉईसमधले रॉईस. हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांची गोष्ट एका सेकंड हँड गाडीपासून सुरू होते हे मला तरी माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर ह्या माणसाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं होतं. म्हणून त्यांची गोष्ट सांगते.

फ्रेडरिक हेन्री रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन नावाच्या खेड्यात झाला. वडिलांची पिठाची गिरणी होती. ती बुडाली आणि कुटुंब लंडनला आलं. हेन्री नऊ वर्षांचा असताना, १८७२ मध्ये वडील वारले. मग त्याने पेपर विकले, तारा वाटल्या. शाळा जेमतेम वर्षभर झाली असेल. रोजचं जेवण म्हणजे दुधात भिजवलेले पावाचे दोन तुकडे, असं सांगतात.

चौदा-पंधरा वर्षांचा झाल्यावर एका आत्याने की मावशीने (इंग्रजीत दोन्ही आँटीच!) पैसे भरायचं कबूल केलं आणि १८७८ मध्ये तो पीटरबरोला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागला. त्या काळी ॲप्रेंटिसला पगार मिळायच्या ऐवजी घरच्यांनाच फी भरावी लागे. ती वर्षाला वीस पौंड होती. तो ज्यांच्या घरी राहायचा त्यांच्या शेडमध्ये एक लेथ होता. दिवसभर कारखाना आणि संध्याकाळी तो लेथ. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब करताना आपण किती शिव्या घालतो ते आठवा. ह्या मुलाचं सगळं इंजिनिअरिंग कानशीने हाताला फोड येईपर्यंत घासण्यातून आलं. त्याच्याकडे पुस्तकं फार नव्हतीच.

पण तिसऱ्या वर्षी त्या नातेवाईक बाईंकडचे पैसे संपले. ॲप्रेंटिसशिप अर्धवट सुटली. म्हणजे आपल्या भाषेत, थर्ड इयरला फी भरता आली नाही म्हणून ड्रॉप. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही. तो लीड्सला एका टूलमेकरकडे आठवड्याला अकरा शिलिंगवर राबला. मग लंडनला येऊन त्या वेळी अगदी नव्या असलेल्या धंद्यात, म्हणजे विजेच्या दिव्यांच्या कंपनीत शिरला. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन वीज शिकला. १८८२ मध्ये कंपनीने त्याला लिव्हरपूलला पाठवलं, रस्त्यांवरच्या आणि नाटकगृहांतल्या दिव्यांच्या कामावर. पुढे तीही कंपनी बंद पडली.

१८८४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्यांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं. स्वतःचे वीस पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट ह्या मित्राचे पन्नास. आधी घरगुती घंट्या, दिव्यांचे होल्डर असलं किरकोळ सामान. दोघं वर्कशॉपच्या वरच राहायचे. इनॅमलचे भाग भाजायच्या भट्टीवर जेवण शिजवायचे, असं सांगतात. (आपल्याकडे कॉइलवर मॅगी करतात त्याची आठवण झाली. रेक्टर सर, हे मी फक्त ऐकलंय!) हळूहळू डायनामो आले, मग विजेवरच्या क्रेन आल्या. रॉईस यांच्या क्रेनचं नाव झालं, कारण त्या बंद पडत नसत. १८९३ मध्ये लग्न झालं, घर झालं, पण माणूस घरी दिसायचा नाही. जेवायची शुद्ध नसायची. कारखान्यातला एक पोरगा दुधाचा ग्लास घेऊन त्यांच्या मागे मागे फिरायचा म्हणे.

विसावं शतक उजाडलं तेव्हा परदेशातून स्वस्त क्रेन आणि डायनामो येऊ लागले आणि धंदा बसायला लागला. स्वस्त माल करून टक्कर द्या असा सल्ला सोपा होता. रॉईस यांना ते जमण्यासारखं नव्हतं. ह्याच काळात, १९०३ च्या सुमारास, त्यांनी एक गाडी घेतली. डेकोव्हिल नावाची, फ्रेंच, दोन सिलिंडरची, आणि मुख्य म्हणजे वापरलेली. सेकंड हँड!

ही गाडी पहिल्या दिवशी सुरूच झाली नाही आणि माणसांनी ढकलत कारखान्यात आणली, अशी एक गोष्ट सांगतात. नंतरच्या अभ्यासकांचं मात्र म्हणणं आहे की डेकोव्हिल तशी वाईट नव्हती, त्या काळातल्या चांगल्या गाड्यांत तिची गणना होई. मला हे दुसरं जास्त पटतं. आपण जुनी गाडी घेतो ती वापरायला. रॉईस यांनी तिचा एकेक भाग सुटा केला. कुठे काय घासलंय, काय तापतंय, कशाने थरथरतंय, आवाज कुठून येतोय, हे बघितलं. ही गाडी किती पळालीये ह्या प्रश्नात त्यांना रस नव्हता. जे झिजलं ते का झिजलं, हा त्यांचा प्रश्न होता. आणि शेवटी त्यांनी ठरवलं की ह्यापेक्षा चांगली गाडी मी बनवीन.

१ एप्रिल १९०४ रोजी पहिली रॉईस गाडी रस्त्यावर आली. दोन सिलिंडर, दहा हॉर्सपॉवर. कुक स्ट्रीटपासून नट्सफर्डच्या त्यांच्या घरापर्यंत ती न कुरकुरता गेली. तशा तीन गाड्या त्यांनी बनवल्या. कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाने ही बातमी लंडनच्या चार्ल्स रोल्स यांना दिली. रोल्स म्हणजे लॉर्डचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, परदेशी गाड्या विकणारा. त्याला दोन सिलिंडरच्या गाड्या मुळीच आवडत नसत, कारण त्या थरथरतात. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलमध्ये दोघं भेटले. रोल्स गाडीत बसला आणि त्याचं मत बदललं. एकाने बनवायच्या आणि दुसऱ्याने विकायच्या असं ठरलं. १९०६ च्या मार्चमध्ये रोल्स-रॉईस लिमिटेड स्थापन झाली.

आता मुख्य भाग. त्या काळी मोटारी विकणारे सगळेच आमची गाडी उत्तम म्हणून छापायचे, अगदी आपल्या यार्डवाल्यासारखं. कंपनीचा कारभार बघणाऱ्या क्लॉड जॉन्सन यांनी ठरवलं की छापण्यापेक्षा करून दाखवू. नवी चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरची गाडी घेतली. सहा सिलिंडर, सात लिटरचं इंजिन. तिला रुपेरी रंग दिला आणि तिच्या शांतपणामुळे नाव ठेवलं ‘सिल्व्हर घोस्ट’. १९०७ च्या उन्हाळ्यात ही गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली पळवायला सुरुवात झाली. लंडन ते ग्लासगो, ग्लासगो ते लंडन. दिवसा, रात्री, पावसात. ड्रायव्हर बदलायचे, गाडी तीच. क्लबचा माणूस गाडीत बसून नोंद करायचा.

६२९ मैलांवर गाडी एकदा थांबली. कारण ऐकून हसाल. हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप फिरून बंद झाला होता. तो उघडला आणि गाडी निघाली ती पुढचे १४,३७१ मैल यांत्रिक कारणाने एकदाही थांबली नाही. रविवारची सुट्टी आणि टायरसाठीचे थांबे ह्यात धरलेले नाहीत. किलोमीटरमध्ये हे तेवीस हजारांच्या वर जातं. साताऱ्याहून मुंबईला सेहेचाळीस वेळा जाऊन यायचं आणि वाटेत एकदाही बॉनेट उघडायचं नाही, असं समजा. रस्ते १९०७ चे.

पण मला खरं आवडलं ते ह्याच्या पुढचं. एकूण पंधरा हजार मैल झाल्यावर त्यांनी गाडी पुसून शोरूममध्ये उभी केली नाही. त्यांनी ती क्लबच्या हवाली केली आणि सांगितलं की उघडा. क्लबच्या लोकांनी गाडी खोलली, भाग मोजले आणि जिथे म्हणून झीज झाली आहे तो प्रत्येक भाग नव्यासारखा करून द्यायचा खर्च काढला. इंजिनच्या मुख्य बेअरिंग्जमध्ये मोजता येईल अशी झीजच सापडली नाही. स्टीअरिंगकडचं थोडं, मॅग्नेटोच्या जोडाचं थोडं, पाण्याच्या पंपाचं पॅकिंग. एकूण खर्च दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स! वीस शिलिंगचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग, हे लक्षात घेतलं तर सव्वादोन पौंडसुद्धा नाहीत. गाडीच्या नुसत्या चासिसची किंमत ९८५ पौंड होती.

ही जाहिरात होती हे मला कळतं. जॉन्सन विकणारेच होते. पण जाहिरातीसाठी का होईना, आपली वापरलेली गाडी परक्या माणसांपुढे उघडून ठेवायला आपल्या कामावर केवढा विश्वास लागत असेल! पुण्याच्या यार्डात बॉनेट उघडल्यावर चहा मागवला गेला होता, ते मला आठवलं.

झीज का झाली नाही, ह्याचं उत्तर आपल्या सिलॅबसमध्ये आहे. सिल्व्हर घोस्टचा क्रँकशाफ्ट सात बेअरिंगवर बसवलेला होता, म्हणजे तो वाकायला जागाच नव्हती. आणि त्या बेअरिंग्जना ऑइल नुसतं उडून मिळत नव्हतं, ते प्रेशरने दिलं जात होतं. शाफ्ट आणि बेअरिंग ह्यांच्यामध्ये ऑइलची फिल्म टिकून राहिली तर धातू धातूला लागतच नाही. लागत नाही तर झिजणार काय? म्हणूनच हायवेवर एका दमात केलेले हजार किलोमीटर आणि शहरात थंड इंजिन चालू-बंद करत केलेले हजार किलोमीटर मीटरवर सारखे दिसतात, पण इंजिनच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. ज्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं तिचे ऐंशी हजार आणि जिचं बदललंच नाही तिचे चाळीस हजार, ह्यात मी तरी ऐंशीवाली घेईन. मीटर फक्त चाकाचे फेरे मोजतो. काळजी किती घेतली, ते मोजायची सोय त्यात नाही.

ती सिल्व्हर घोस्ट पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला विकली गेली आणि त्या घरात चाळीस वर्षं पळत राहिली. १९४८ मध्ये कंपनीकडे परत आली तेव्हा काही लाख मैल झालेले होते. आणि आपल्याकडचा धागा सांगायचा तर, १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी घाटाघाटांतून मोटारींची कसोटी झाली, तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची दुसरी एक सिल्व्हर घोस्ट जिंकली. ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. मुंबई-कोल्हापूर म्हटलं की आम्हा सातारकरांना खंबाटकीच आठवतो. त्या काळच्या घाटात एवढी मोठी गाडी कशी वळली असेल, देव जाणे.

इथपर्यंत वाचून मला वाटलं की गोष्ट संपली, सेमिनार झाला. पण पुढचं वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले.

१९०८ मध्ये कारखाना डर्बीला गेला. काम वाढलं. जुलै १९१० मध्ये चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेला. बत्तीस वर्षांचा होता. आणि पुढच्या वर्षी, १९११ मध्ये, रॉईस स्वतः कोसळले. इतकी वर्षं रात्ररात्र काम आणि जेवणाचा पत्ता नाही. ज्या माणसाने एका बेअरिंगला कोरडं पडू दिलं नाही, त्याने स्वतःच्या शरीराची एकदाही सर्व्हिसिंग केली नव्हती. १९१२ मध्ये मोठं ऑपरेशन झालं. आता काहीच महिने, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय एकोणपन्नास. डॉक्टरांनी जणू मीटर वाचला आणि गाडी भंगारात काढली.

पण इथे जॉन्सन यांनी त्यांना सोडलं नाही. कारखान्यात जायची बंदी केली. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये समुद्राकाठी आणि बाकी वर्ष इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, असं राहायचं ठरलं. एथेल ऑबिन नावाच्या नर्स त्यांचं खाणंपिणं, झोप, औषध सगळं बघू लागल्या. ड्रॉइंग काढणारी माणसं जवळच राहायची. रॉईस अंथरुणात किंवा बागेत बसून डिझाइन करायचे आणि ती टपालाने डर्बीला जायची. डर्बीच्या कारखान्यात ते पुन्हा जवळजवळ गेलेच नाहीत.

आणि अशा अवस्थेत हा माणूस काही महिने नाही, एकवीस वर्षं जगला! पहिल्या महायुद्धात त्यांनी ईगल हे विमानाचं इंजिन केलं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन कुठेही न उतरता विमानाने अटलांटिक ओलांडून गेले ते दोन ईगल इंजिनांवर. मग श्नायडर ट्रॉफीच्या विमान शर्यतींसाठी आर इंजिन झालं. त्याची पद्धत ऐका. इंजिन पूर्ण जोरात चालवायचं, काहीतरी तुटेपर्यंत. जे तुटलं ते मजबूत करायचं आणि पुन्हा चालवायचं. १९२९ आणि १९३१ ची ट्रॉफी त्या इंजिनाने जिंकली, आणि त्याच्यावरच्या विमानाने ताशी चारशे मैलांचा टप्पा ओलांडला. १९३० मध्ये रॉईस यांना सर ही पदवी मिळाली, तरी ते स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेत. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंगला ते गेले. ज्या इंजिनाचं काम त्यांच्या हयातीत सुरू झालं होतं ते, पुढे मर्लिन म्हणून प्रसिद्ध झालेलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा चालू झालं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन त्याच्यावर उडाली.

सेमिनारच्या आदल्या रात्री मी दोन वाजता हे वाचत होते. दुपारची मेस चुकवली होती, रात्री वेफर्स आणि तीन कप चहा झाला होता. आपल्या विंगमध्ये सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांचं हेच चालतं आणि आपण ते अभिमानाने सांगतो. वीस वर्षांचे आहोत, मीटरवर आकडा कमी आहे, म्हणून चालून जातं. पण रॉईससुद्धा वीस वर्षांचे असताना चालूनच जात होतं की! मी पुस्तक मिटलं आणि झोपले. सेमिनार तरीही बरा झाला.

आता आमच्या गाडीचं. जानेवारीत आम्ही एक गाडी घेतली. नऊ वर्षांची, मीटरवर एक्क्याऐंशी हजार. काकांनी कपाळाला हात लावला. पण गाडी एकाच मालकाची, कऱ्हाडच्या एका निवृत्त शिक्षकांची. त्यांनी पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं तारखेप्रमाणे फाइलला लावून ठेवली होती. प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले, आणि ते मीटरशी जुळत होते. या वेळी मी चाचांच्या बरोबरीने वाकून सगळं बघितलं. इंजिन आम्ही जायच्या आधीच चालू करून ठेवलेलं नाही ना, हे बॉनेटवर हात ठेवून बघायचं. थंड असतानाच स्टार्ट करायचं. सायलेन्सरमधून निळा धूर येतोय का, म्हणजे ऑइल जळतंय का. ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफा जोरात बाहेर येतात का, म्हणजे रिंगा गेल्यात का. मग खराब रस्त्यावर काचा लावून, गाणी बंद करून चालवायची आणि नुसतं ऐकायचं. क्लच थोडा वर पकडत होता. सस्पेन्शनची रबरं वाळली होती. टायर चारही बदलायला झाले होते. हे सगळं त्या सरांनी आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं.

सौदा दोन लाखांत झाला. उरलेल्यातून कागदपत्रं, इन्शुरन्स, टायर, क्लचप्लेट आणि रबरं भागली. मला वाटतं, किती पळालेली चालते ह्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. ज्या आकड्याचा हिशोब कागदावर दिसतो आणि झिजलेलं नवं करायला लागणारे पैसे आपण आधीच बाजूला ठेवलेत, तो आकडा चालतो. मग तो ऐंशी हजार असला तरी चालतो. आणि ज्याचा हिशोब कुणी देत नाही, तो अडतीस हजारसुद्धा महाग पडतो.

आजी आता दवाखान्यात गाडीने जाते. बाबांनी ती फाइल पुढे चालू ठेवली आहे. परवा फोनवर आजीने विचारलं, जेवलीस का वेळेवर. मी हो म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी